किंमतभेदाचें तात्पर्य

अर्थशास्त्रावरील ग्रंथांत 'तात्पर्य' हा शब्द सहसा आढळत नाहीं. तात्पर्य इसापाच्या गोष्टीला असतें, कीर्तनाच्या उत्तररंगाला असतें. मागणीच्या वक्ररेषेला तें कोठून असणार, असा या शास्त्राच्या अभ्यासकांचा सर्वसाधारण समज आहे. म्हणूनच जोन रॉबिन्सन या विदुषीच्या 'अपूर्ण स्पर्धेचें अर्थशास्त्र' या ग्रंथांतील सोळाव्या प्रकरणाचा मथळा वाचणारास क्षणभर थांबवितो. 'किंमतभेदाचें तात्पर्य' असें त्या प्रकरणाचें नांव आहे. एकच वस्तु एकाच विक्रेत्यानें एका गिऱ्हाइकास एका किंमतीला व दुसऱ्यास दुसऱ्या किंमतीला विकली, तर त्यांत समाजाचें हित किती व अहित किती, असा प्रश्न तेथें विचारलेला आहे. ग्रंथ १९३३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याला नव्वदांहून अधिक वर्षें लोटलीं. प्रश्न मात्र शिळा झालेला नाहीं. रेल्वेच्या तिकिटांत, विजेच्या बिलांत आणि विशेषतः औषधाच्या दुकानांत तो आपल्याला वारंवार भेटतो. तेव्हां या एका प्रकरणाच्या निमित्तानें या विख्यात ग्रंथाच्या गुणदोषांचा विचार करावा असें योजिलें आहे.

रॉबिन्सनबाईंचा आपल्या देशाशीं संबंध जुना होता. त्यांचे पति ऑस्टिन रॉबिन्सन हे १९२६ ते १९२८ या काळांत ग्वाल्हेरचे अल्पवयी महाराज जिवाजीराव शिंदे यांचे शिक्षक होते, आणि विवाहानंतरचे आरंभीचे दिवस या दांपत्यानें ग्वाल्हेरीस काढले. केंब्रिजला परतल्यावर बाईंनीं ज्या विषयांत लक्ष घातलें त्याला तोंड फोडलें होतें पिएरो स्राफा यांच्या १९२६ सालच्या एका निबंधानें. तोंपर्यंतच्या क्रमिक ग्रंथांत पूर्ण स्पर्धा हा नियम व मक्तेदारी हा अपवाद असें शिकविलें जाई. बाईंनीं ही मांडणी उलटी केली. प्रत्येक विक्रेता आपापल्या लहानशा आवारापुरता मक्तेदारच असतो, असें गृहीत धरून त्यांनीं सगळें मूल्यशास्त्र नव्यानें रचलें. अमेरिकेंत एडवर्ड चेंबरलिन यांचा याच दिशेचा ग्रंथ त्याच वर्षीं निघाला. दोन खंडांतील दोन पंडितांनीं स्वतंत्रपणें एकाच वेळीं एकच दार ठोठवावें, यावरून त्या दाराआड कांहींतरी खरोखर होतें एवढें तरी सिद्ध होतें.

आतां मूळ युक्तिवादाकडे वळूं. ग्रंथांत तो आकृतींच्या साहाय्यानें मांडलेला आहे. परंतु साध्या अंकगणितानेंही तो कळण्यासारखा आहे. बाईंनीं स्वतः ज्यांचा उल्लेख केला आहे त्यांपैकीं खेड्यांतील डॉक्टराचें उदाहरण आपण घेऊं, आंकडे मात्र आपल्या सोयीचे कल्पूं. एका खेड्यांत पन्नास कुटुंबें आहेत. त्यांतलीं दहा सधन असून डॉक्टराच्या सेवेसाठीं महिन्याला शंभर रुपयांपर्यंत देऊं शकतात. उरलेलीं चाळीस वीस रुपयांपलीकडे जाऊं शकत नाहींत. डॉक्टराला तेथें राहावयाचें तर महिन्याकांठीं पंधराशें रुपये मिळाले पाहिजेत. सर्वांना एकच दर लावावयाचा ठरला तर काय होईल? शंभराचा दर ठेवला तर दहा कुटुंबें येतील व हजार रुपये मिळतील. विसाचा दर ठेवला तर पन्नासही कुटुंबें येतील, आणि तरीही हजारच मिळतील. दोन्ही वाटांनीं डॉक्टराचा निभाव लागत नाहीं. तो गांव सोडून जातो. परंतु सधनांस शंभर व इतरांस वीस असे दोन दर ठेवले, तर हजार आणि आठशें मिळून अठराशें होतात. डॉक्टर राहतो, गरिबांस उपचार मिळतात, आणि श्रीमंतांनाही कोणी आजारी पडल्यास शहर गांठावें लागत नाहीं. येथें किंमतभेद हा सेवेला जन्म देणारा आहे. त्याला अन्याय म्हणून बंदी घातली तर समानतेच्या नांवाखालीं सगळें गांव सारखेंच निराधार होईल.

पण याच हिशेबांत एक आंकडा बदलून पाहावा. डॉक्टराचा निर्वाह पंधराशांत नव्हे, सातशांतच होतो असें समजा. आतां विसाच्या एकाच दरानेंही सर्व पन्नास कुटुंबांची सोय होऊन डॉक्टराजवळ तीनशें उरतात. अशा स्थितींत त्यानें दोन दर लावले तर उपचार मिळणाऱ्यांच्या संख्येंत एकाचीही भर पडत नाहीं. फक्त आठशें रुपये दहा घरांच्या पेटींतून डॉक्टराच्या पेटींत जातात. दर तेच, गिऱ्हाइकें तींच, डॉक्टरही तोच; पण पहिल्या प्रसंगीं जें परोपकारासारखें दिसत होतें तें दुसऱ्या प्रसंगीं निव्वळ वसुली ठरतें. यावरून किंमतभेद हा स्वभावतः चांगला किंवा वाईट नसून तो कोणत्या परिस्थितींत केला जातो यावर त्याचें मोल अवलंबून असतें, हें ध्यानांत येईल.

रॉबिन्सनबाईंचें विवेचन अर्थात् याहून पुष्कळ सूक्ष्म आहे. किंमतभेद शक्य होण्यास दोन अटी लागतात, असें त्या दाखवितात. एक, स्वस्तांत घेणारानें ती वस्तु महाग घेणारास परत विकतां कामा नये. आणि दुसरी, दोन गटांच्या मागणीची लवचिकता भिन्न असली पाहिजे. किंमत वाढतांच ज्यांची खरेदी झपाट्यानें घटते त्यांना विक्रेता कमी दर लावतो. किंमत वाढली तरी जे फारसे हटत नाहींत त्यांना अधिक लावतो. याचा परिणाम एकंदर उत्पादन वाढण्यांत होईल कीं घटण्यांत, हें मागणीच्या रेषांच्या वळणावर अवलंबून असतें. दोन्ही बाजार आधींपासून चालू असून दोन्ही रेषा सरळ असतील तर एकूण उत्पादन जेवढ्यास तेवढेंच राहतें, आणि केवळ तें कोणाच्या वांट्याला किती जावें एवढेंच बदलतें. येवढें झाल्यावर बाई तात्पर्याकडे येतात. तें असें कीं, महाग बाजारांतील लोकांचें नुकसान आणि स्वस्त बाजारांतील लोकांचा लाभ यांचें वजन शास्त्राला करतां येत नाहीं. दोहोंपैकीं एका गटाचें हित अधिक मोलाचें मानण्यास कांहीं कारण असेल तरच किंमतभेद इष्ट कीं अनिष्ट हें सांगतां येईल.

या निष्कर्षांतील प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे. मक्तेदार म्हटला कीं दांत-ओठ खाणारे लेखक पुष्कळ असतात. मक्तेदाराच्या नफ्यांत ईश्वरी संकेत पाहणारेही कांहीं कमी नसतात. बाईंनीं या दोन्ही मार्गांनीं जाण्याचें नाकारलें आणि शास्त्राची हद्द जेथें संपते तेथें स्वच्छ रेघ ओढली. मात्र ती रेघ ओढल्यावर पलीकडच्या भूमींत काय आहे याची वाचकांस कल्पना देण्याचें काम त्यांनीं टाळलें, असें म्हणणें प्राप्त आहे. एका गटाला झुकतें माप देण्यास 'कारण' असावें हें खरें. पण तें कारण ठरवावयाचें कोणीं? ग्रंथांत न्यायाधीशाचें आसन मांडलेलें आहे, पण त्यावर कोणी बसलेलें नाहीं. आणि व्यवहारांत रिकामें आसन फार वेळ रिकामें राहत नाहीं. त्यावर खुद्द मक्तेदार येऊन बसतो.

मक्तेदार न्यायासनावर बसला म्हणजे त्याच्या हातीं तराजू कोणता असतो? लवचिकतेचा. आणि या तराजूचा मोठा दोष हा कीं, त्याला श्रीमंती आणि लाचारी यांतील भेद कळत नाहीं. किंमत वाढली तरी एखादें गिऱ्हाईक हटत नाहीं, याचीं कारणें दोन असूं शकतात. त्याच्याजवळ पैसा भरपूर आहे हें एक. आणि त्याला दुसरीकडे जाण्याची वाटच नाहीं हें दुसरें. वरच्या उदाहरणांतील डॉक्टर सधनांकडून अधिक घेतो म्हणून आपल्याला तो न्यायी वाटतो. परंतु तो त्यांच्याकडून अधिक घेतो तें ते सधन आहेत म्हणून नव्हे, ते तेवढें देतील म्हणून. उद्यां एखादा गरीब बाप मुलाच्या जिवासाठीं जमीन गहाण टाकावयास निघाला, तर लवचिकतेच्या हिशेबानें तोही 'शंभर देणारांच्या' यादींत चढतो. आकृतींतील रेषेवर त्याचा बिंदु सावकाराच्या बिंदूशेजारींच पडेल. ग्रंथाच्या परिभाषेंत या दोघांना वेगवेगळे शब्द नाहींत, आणि हीच मला या ग्रंथांतील सर्वांत मोठी उणीव वाटते.

ही उणीव केवळ तात्त्विक नाहीं, हें आपल्याच देशाच्या रेल्वेच्या इतिहासावरून दाखवितां येतें. मालाला जेवढें भाडें सोसवेल तेवढें घ्यावें, हें रेल्वे कंपन्यांचें जुनें सूत्र. ब्रिटिश अमदानींत बंदरांकडे जाणारा कच्चा माल आणि बंदरांतून आंत येणारा परदेशी पक्का माल यांना सवलतीचे दर मिळत. देशांतल्या देशांत एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाणाऱ्या मालाला मात्र तुलनेनें जड दर पडत. १९१६ ते १९१८ या काळांत काम केलेल्या औद्योगिक आयोगानें या पद्धतीवर टीका केली, आणि आपल्या अर्थशास्त्रज्ञांनीं तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षें लिहिलें. आतां हा भेद झाला कशानें? बंदराच्या वाहतुकीसाठीं एका कंपनीची दुसरीशीं चढाओढ होती. मुंबईकडे नेला नाहीं तर माल कलकत्त्याकडे जाईल, ही धास्ती होती. आंतल्या बाजारपेठेला एकच लोहमार्ग. तेथील व्यापारी जाणार कोठें? म्हणजे ज्याला दोन वाटा होत्या त्याला स्वस्त, आणि ज्याला एकच होती त्याला महाग. रॉबिन्सनबाईंच्या सूत्राप्रमाणें हें अगदीं बिनचूक झालें. फक्त त्यांत देशांतील उद्योगधंद्यांचा गळा आवळला गेला. तक्रारींची चौकशी करण्यासाठीं १९२६ सालीं जी दर-समिति नेमली गेली तिला केवळ सल्ला देण्याचा अधिकार होता. निकाल देऊं शकणारें न्यायाधिकरण यावयास १९४९ साल उजाडावें लागलें.

ग्रंथांतील दुसरी उणीव अशी कीं, त्यांत दोन बाजारांत विकली जाणारी वस्तु एकच व अबदल मानलेली आहे. व्यवहारांतील विक्रेता इतका सरळ नसतो. त्याला ठाऊक असतें कीं, स्वस्त माल फार चांगला ठेवला तर महाग मालाचीं गिऱ्हाइकेंही तिकडेच वळतील. म्हणून तो स्वस्त माल मुद्दाम थोडा बिघडवितो. ही गोष्ट रॉबिन्सनबाईंच्या ऐंशींहून अधिक वर्षें आधीं, १८४९ सालीं, ज्यूल ड्युपुई नांवाच्या फ्रेंच स्थापत्यविशारदानें ओळखली होती. त्या वेळीं फ्रान्समध्यें आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. ड्युपुईनें विचारलें, छपराला असा कितीसा खर्च येतो? छप्पर नाहीं तें पैसे वांचविण्यासाठीं नव्हे; दुसऱ्या वर्गाचें भाडें देऊं शकणारानें तिसऱ्या वर्गांत बसूं नये यासाठीं. गरिबाला भिजविण्यांत कंपनीला आनंद नाहीं. तिला श्रीमंताला भिववावयाचें असतें, आणि त्या भिवविण्यासाठीं गरिबाला भिजावें लागतें. अर्थशास्त्राच्या साहित्यांत इतकें मार्मिक निरीक्षण क्वचितच सांपडेल. तें करण्यास गणित लागलें नाहीं; फक्त डब्यांत कोण बसतें इकडे डोळे उघडे ठेवून पाहावें लागलें.

आपल्याकडे महात्मा गांधींनीं १९१७ सालीं तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयीं जें लिहिलें त्याचाही रोख असाच होता. पहिल्या वर्गाचें भाडें तिसऱ्याच्या पांचपटींहून अधिक. पण तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पहिल्या वर्गाच्या सुखसोयींचा पांचवा काय, दहावा हिस्साही मिळत नाहीं, असा त्यांचा हिशेब होता. रेल्वेला उतारूंपासून होणाऱ्या प्राप्तीचा मोठा भाग याच वर्गाकडून येई, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या हिशेबांतील कडवटपणा कळतो. नुसत्या भाड्याच्या आंकड्यांकडे पाहणारास पांचपट भाडें देणारा श्रीमंत गरिबाचा भार उचलतो असें वाटेल. डब्यांत शिरून पाहणारास भार कोण उचलतो हें निराळें दिसेल. तिसरा वर्ग १९७४ सालीं नांवापुरता गेला आणि त्याचाच दुसरा वर्ग झाला. परंतु किंमतभेदाची परीक्षा करतांना किंमतीबरोबर वस्तूही तपासली पाहिजे, हा धडा मात्र जावयास नको.

रेल्वे सरकारी झाली म्हणजे हे प्रश्न आपोआप सुटतात, अशी पुष्कळांची समजूत होती. अनुभव तसा नाहीं. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरांतो या गाड्यांत बदलतें भाडें सुरू झालें. दर शेंकडा दहा जागा विकल्या गेल्या कीं मूळ भाड्यांत शेंकडा दहाची वाढ, आणि ती मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत, अशी ती योजना होती. महालेखापरीक्षकांनीं २०१८ सालच्या अहवालांत दाखवून दिलें कीं, या गाड्यांचें उत्पन्न वाढलें पण उतारूंची संख्या घटली. रॉबिन्सनबाईंच्या कसोटीस लावून पाहिलें तर याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण. सेवेचें परिमाण कमी होऊन पैसा वाढला, म्हणजे किंमतभेदाचा जो एकमेव बचाव सबळ आहे, नव्या गिऱ्हाइकाला आंत घेण्याचा, तोच येथें लटका पडला. पुढें ती योजना सौम्य करण्यांत आली; कांहीं गाड्या तींतून वगळल्या गेल्या आणि कमाल मर्यादाही खालीं आणली गेली. हें शहाणपण सुचण्यास हिशेब तपासणारा अधिकारी रेल्वेखात्याच्या बाहेरचा होता, ही गोष्ट नजरेआड होऊं देतां कामा नये.

परंतु किंमतीचा प्रश्न खऱ्या अर्थानें जिवावर बेततो तो औषधांच्या बाबतींत. येथील मक्तेदारी निसर्गानें किंवा भांडवलानें निर्माण केलेली नसते; ती पेटंटच्या कायद्यानें सरकार स्वतः निर्माण करतें. १९७० च्या कायद्यानें भारतानें औषधी पदार्थांवर पेटंट देणें थांबविलें होतें. फक्त तयार करण्याच्या कृतीवर पेटंट मिळे. त्या आधारावर या देशांत स्वस्त औषधांचे कारखाने उभे राहिले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळें २००५ सालीं कायदा बदलावा लागला आणि पदार्थावरील पेटंट परत आलें. त्यानंतर लवकरच मूत्रपिंडाच्या व यकृताच्या कर्करोगावरील 'सोराफेनिब' या औषधाचें प्रकरण उभें राहिलें. बायर या जर्मन कंपनीकडे पेटंट होतें. एका महिन्याच्या औषधाची किंमत होती २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीनें तेंच औषध महिन्याला ८,८८० रुपयांत देण्याची तयारी दाखविली आणि सक्तीच्या परवान्यासाठीं अर्ज केला.

या प्रकरणांत किंमतभेदाविषयीं एक मोठा विरोधाभास दिसून येतो. रेल्वेच्या बाबतींत तक्रार होती ती भेद केल्याची. येथें, सवलतीच्या योजना सोडल्या तर, मूळ अपराध भेद न केल्याचा होता. धनाढ्य देशांतील किंमतीच्या तोडीची किंमत भारतांत ठेवली गेली, आणि त्यामुळें ज्यांना या औषधाची गरज होती त्यांपैकीं शेंकडा दोनांहून किंचित् अधिक लोकांपर्यंतच तें पोहोंचत होतें. वस्तुतः रॉबिन्सनबाईंचें सूत्र येथें पूर्णपणें गरिबाच्या बाजूनें बोलतें. येथें कमी किंमत ठेवली असती तर नवीं गिऱ्हाइकें हजारोंनीं आलीं असतीं, आणि श्रीमंत देशांतील नफ्याला धक्का लागलाच असता असें नव्हे. मग मक्तेदारानें आपल्याच हिताचा हा भेद कां केला नाहीं? कारण बाईंच्या दोन अटींपैकीं पहिली. स्वस्त माल महाग बाजारांत पाझरेल, किंवा माल पाझरला नाहीं तरी स्वस्त किंमतीची बातमी पाझरेल आणि इतर देशांचीं सरकारें तोच आंकडा पुढें करून घासाघीस करतील, ही भीति अशा कंपन्यांना नेहमींच असते. म्हणजे दूरच्या बाजाराची भिंत मजबूत राहावी म्हणून जवळच्या रोग्यानें औषधावांचून राहावें. ड्युपुईच्या बिनछपराच्या डब्याचीच ही सुधारलेली आवृत्ति आहे.

मुंबईच्या पेटंट कार्यालयांतून मार्च २०१२ मध्यें निर्णय झाला आणि देशांतला पहिला सक्तीचा परवाना नॅटकोला मिळाला. लोकांची वाजवी गरज भागत नाहीं, किंमत लोकांच्या आवांक्यांतली नाहीं, आणि पेटंटाचा उपयोग या देशांत होत नाहीं, अशीं तीन कारणें निर्णयांत दिलेलीं आहेत. पेटंटधारकास विक्रीवर शेंकडा सहा मानधन ठरलें. तें अपिलांत सात झालें. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें निर्णय कायम केला व सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें. परंतु माझ्या मतें त्या निर्णयांतील सर्वांत बोधप्रद अट वेगळीच आहे. परवानाधारकानें दरवर्षीं निदान सहाशें गरजू रोग्यांना हें औषध फुकट दिलें पाहिजे, असें त्यांत सांगितलें आहे. कांहींना ८,८८० रुपये, आणि सहाशें जणांना शून्य! सरकारी अधिकाऱ्यानें किंमतभेद नाहींसा केला नाहीं. त्यानें स्वतःच एक किंमतभेद लागू केला. मात्र त्याचा तराजू लवचिकतेचा नव्हता, गरजेचा होता. आणि त्याचीं कारणें कागदावर, सही-शिक्क्यानिशीं, अपिलास मोकळीं अशीं मांडलेलीं होतीं. रॉबिन्सनबाईंनीं रिकामें ठेवलेलें आसन भरावयाचें तें अशा रीतीनें.

याचा अर्थ सरकारी नियंत्रण म्हणजे सर्वरोगांवरची मात्रा असा कोणी घेऊं नये. नव्या औषधाच्या शोधाला अपार खर्च व अनेक वर्षें लागतात, आणि तो खर्च कोठून तरी भरून निघाला पाहिजे, हा कंपन्यांचा मुद्दा खोटा नाहीं. पंधराशें रुपये लागणाऱ्या डॉक्टराला सातशांवर बसविलें तर तो गांव सोडील. अडचण एवढीच कीं, आपल्याला पंधराशें लागतात कीं सातशें हें डॉक्टराखेरीज कोणास ठाऊक नसतें, आणि तो नेहमीं पंधराशेंच सांगतो. नियंत्रकाचें अर्धें काम दर ठरविण्याचें नसून हा खर्च उजेडांत आणण्याचें असतें. शिवाय नियंत्रकाला चिठ्ठीवरची किंमत दिसते, वस्तु दिसतेच असें नाहीं. हृदयाच्या रक्तवाहिनींत बसवावयाच्या जाळीदार नळ्यांची, म्हणजे स्टेंटची, कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्यें बांधण्यांत आली. साध्या प्रकारास ७,२६० व औषधी लेपाच्या प्रकारास २९,६०० रुपये. असंख्य कुटुंबांना त्याचा दिलासा मिळाला यांत संशय नाहीं. परंतु थोड्याच दिवसांत कांहीं परदेशी कंपन्यांनीं आपले नवे प्रकार भारतीय बाजारांतून काढून घेण्याची परवानगी मागितली. ज्याच्या हातांत किंमत राहिली नाहीं त्याच्या हातांत वस्तु अजून होती.

नियंत्रकाची दुसरी चूक याहून मोहक असते. ती म्हणजे, किंमत सर्वत्र सारखी केली कीं न्याय झाला, असें मानण्याची. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकापासून पुढें सुमारें चार दशकें पोलाद व इतर कांहीं मूलभूत माल देशाच्या कोणत्याही कोपऱ्यांत एकाच किंमतीस मिळावा, अशी भाडेसमानीकरणाची योजना अमलांत होती. दिसण्यांत ती समतेची मूर्ति. पण ज्याच्या दारांत खाण आणि भट्टी आहे त्यानें आणि हजार मैलांवर बसलेल्यानें सारखाच भाव द्यावयाचा, याचा अर्थ पहिल्यानें दुसऱ्याचें भाडें भरावयाचें. बिहार, बंगाल, ओरिसा या प्रांतांची नैसर्गिक अनुकूलता त्या योजनेनें बोथट केली, आणि पश्चिमेकडील कारखानदारीला तिचा फायदा झाला. त्या फायद्यांत महाराष्ट्राचाही वांटा होता, हें मराठी लेखकानें सांगण्यास कचरूं नये. खर्च भिन्न असतांना सारखी किंमत लावणें हाही एक किंमतभेदच होय, हें तत्त्व शास्त्राला परिचित आहे; राज्यकर्त्यांना तें क्वचितच आठवतें. आणि ज्याच्यावर हा भार पडला त्याला आपण कोणासाठीं व किती भरतों आहों याचा हिशेब सरळपणें कधीं दाखविला गेला नाहीं. मक्तेदाराच्या भेदांत जो दोष, तोच येथें सरकारच्या समतेंत होता.

आतां ग्रंथाविषयीं शेवटचा शब्द. १९६९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत आणि त्यापूर्वींच १९५३ सालच्या एका लेखांत रॉबिन्सनबाईंनीं स्वतःच या ग्रंथावर कठोर टीका केली. व्यापारी चुकतमाकत कां होईना, पण योग्य किंमत शोधून काढतो हें गृहीतकृत्य म्हणजे निर्लज्ज लपवाछपवी होती, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. पंडितानें आपल्याच कीर्तिस्तंभावर असा हातोडा चालविल्याचीं उदाहरणें थोडीं आहेत, आणि त्याबद्दल त्यांच्याविषयीं आदर वाढतो. तरीसुद्धां ग्रंथ टाकाऊ ठरत नाहीं. एकच दर म्हणजे न्याय आणि दोन दर म्हणजे लूट, अशा भाबड्या समजुतीपासून जो वाचक मोकळा होऊं इच्छितो त्यानें हीं प्रकरणें अवश्य वाचावीं. मात्र तीं वाचून झाल्यावर तात्पर्य तेथेंच संपलें असें समजूं नये. एका गटाकडून अधिक व दुसऱ्याकडून कमी घेण्यास कारण असावें, येथपर्यंत बाईंनीं आपल्याला आणून सोडलें आहे. तें कारण उघड बोललें गेलें पाहिजे, आणि तें ठरविणारा त्या भेदावर पैसा मिळविणारा नसावा, इतकी भर आपण घालावयास हवी. विक्रेता गिऱ्हाइकाला विचारतो, 'तुम्ही किती देऊं शकाल?' समाजाच्या वतीनें जो बोलतो त्यानें विचारावयाचें असतें, 'तुम्हांला दुसरी वाट आहे काय?' पहिल्या प्रश्नावर एक संपूर्ण शास्त्र उभें राहिलें आहे. दुसऱ्या प्रश्नाचें शास्त्र अजून पुरतें लिहिलें जावयाचें आहे.